उपासनाचं पिस्तूल

मंगळवारी संध्याकाळी उपासना रामटेकेनं टपालपेटी उघडली आणि पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यात तिला ते पाकीट दिसलं. अकरा वर्षं आणि चार महिने ज्याची वाट पाहिली, ते असं कूपनांमध्ये दडून आलं होतं. तिनं उभ्या उभ्याच पाकीट फाडलं. आत कार्ड होतं, कार्डावर तिचा फोटो होता आणि फोटोत ती दात दुखत असल्यासारखी दिसत होती. प्रितम, तिचा नवरा, वीस पावलांवर स्वयंपाकघरात फोडणी करत होता. त्याला हाक मारायची सोडून ती तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं डार्लीनला फोन लावला.

"डार्लीन, आलं!"

"काय आलं?"

"कार्ड! ग्रीन कार्ड!"

पलीकडून गाडीचा हॉर्न लांबलचक वाजला. डार्लीन ट्रक चालवत होती आणि आनंदाच्या भरात तिनं हॉर्नवर तळहात दाबून धरला होता.

"या शनिवारी मॅच नाही," हॉर्न थांबल्यावर ती म्हणाली. "या शनिवारी तू माझ्याबरोबर दुकानात येतेस. पिस्तूल बघायला."

"येते," उपासना म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

फिनिक्सजवळ चँडलरच्या ज्या चिप कारखान्यात उपासना इंजिनिअर होती, तिथंच डार्लीन यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करायची. कारखान्यात सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये, नुसते डोळे उघडे. त्यामुळे पहिले आठ महिने उपासना डार्लीनला केवळ आवाजावरून आणि निळ्या डोळ्यांवरून ओळखत होती. एकदा कँटीनमध्ये पांढऱ्या वेणीची साठीची एक बाई समोर येऊन बसली आणि त्याच आवाजात म्हणाली, "तू आकड्यांत हुशार आहेस. आमच्या क्लबला स्कोअर लिहायला माणूस हवंय. येतेस?"

क्लब म्हणजे क्वीन क्रीकच्या पलीकडे, वाळवंटात मातीचे उंच बांध घालून केलेली शूटिंग रेंज. शनिवारी सकाळी तीस-पस्तीस माणसं जमायची. समोर पाच लोखंडी ताटल्या खांबांवर लावलेल्या, काही परातीएवढ्या, काही जेवायच्या ताटाएवढ्या. टायमरचा बीप झाला की चार ताटल्यांवर नेम धरायचा आणि पाचवी, लाल खांबावरची, सगळ्यांत शेवटी वाजवायची. ज्याला वेळ कमी, तो पुढे. एक ताटली हुकली की तीन सेकंद दंड. एवढाच खेळ. पहिल्या दिवशी उपासना कानांवर आवाज अडवणारे मफ लावून, हातात टॅबलेट घेऊन उभी राहिली. डार्लीननं पाच ताटल्या तीन सेकंदांत वाजवल्या. ठण् ठण् ठण् ठण्, ठण्! उपासनाच्या अंगावर काटा आला. तिला वाटलं, हे मला करायचंय.

पण ती होती व्हिसावर. एखाददुसरा अपवाद सोडला तर व्हिसावरच्या माणसानं बंदूक विकत घेणं लांबच, तिला हातसुद्धा लावायचा नाही असा कायदा. म्हणून अडीच वर्षं ती दर शनिवारी गेली आणि तिनं फक्त स्कोअर लिहिला. कुणाचं मनगट कधी थकतं, कोण लाल खांबावर घाई करतं, हे तिला तोंडपाठ झालं. इतरांची पिस्तुलं बघून घरी येऊन तिनं एक एक्सेल शीट केली. सदतीस मॉडेल, सतरा रकाने: वजन, नळीची लांबी, मुठीचा घेर, चाप किती जड, किंमत, लोक काय म्हणतात. शीटमधलं एक नाव तिनं हिरवं केलं होतं. छोटंसं, हलकं, नऊ मिलिमीटरचं, काळंभोर पिस्तूल. ते तिनं कधीच हातात धरलेलं नव्हतं, पण मोबाइलवर त्याचा फोटो ती लोकांनी नवीन घराचे फोटो बघावेत तसा बघायची.

कार्ड घेऊन ती आत आली. प्रितमनं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, गॅस बंद केला आणि तिला मिठी मारली. दोघं बराच वेळ तसेच उभे होते. मग तो म्हणाला, "आता तू ते घेणारच."

"घेणार."

"आपल्या केयाच्या मैत्रिणींच्या आया फोन करून विचारतात ना, घरात गन आहे का म्हणून? आत्तापर्यंत मी किती ऐटीत 'नो' म्हणायचो."

"आता 'येस' म्हणायचं. आणि सांगायचं, कुलपात आहे, गोळ्या दुसऱ्या कुलपात आहेत. ज्यांना मुली पाठवायच्या नाहीत त्यांनी नाही पाठवल्या तरी राग नाही."

प्रितम ओट्याला टेकला. तो शाळांच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायचा. वर्षातून दोनदा, बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचं याची तालीम व्हायची आणि तोही टेबलाखाली बसायचा. त्याची भीती उगाच नव्हती, हे उपासनाला माहीत होतं.

"मी नाही म्हणत नाहीये," तो म्हणाला. "शनिवारी तू तिकडून येतेस तेव्हा तुझा चेहरा बघतो मी. कारखान्यातून येतेस तेव्हा तो तसा नसतो. पण मला भीती वाटते, आणि ती वाटतच राहणार. तेव्हा आधी तिजोरी, मग पिस्तूल. आणि तिजोरी मी बसवणार."

"नंबर तुलाही माहीत हवा."

"मला नको." त्यानं कढईवर झाकण ठेवलं. "नाही, थांब. मलाही हवा."

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच ऑफिसातून येताना एक तिजोरी आणली आणि बेडरूमच्या कपाटात फरशीला ड्रिलनं भोकं पाडून चार बोल्टांनी ती जखडून टाकली. मग तिला दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. तिजोरी हलली नाही. प्रितम घाम पुसत म्हणाला, "हां. आता जा."

शनिवारी सकाळी दहाला डार्लीन दुकानाच्या दारात उभी होती. तिच्या शेजारी, बेसबॉलची टोपी घालून, देवदत्त काकाही उभे होते. त्यांना कुणीही बोलावलं नव्हतं. काका मूळचे पुण्याचे, अठ्ठावीस वर्षं फिनिक्समध्ये, सिमेंटच्या धंद्यातून निवृत्त. मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असायचं. प्रितमच्या तोंडून बातमी फुटली होती.

"अगं, पहिलं पिस्तूल म्हणजे काय भाजी घ्यायचीय?" काका म्हणाले. "माणूस बरोबर हवं. आणि माझं ऐक, बायकांनी रिव्हॉल्वरच घ्यावं. सहा गोळ्या, विषय संपला."

"काका, माझं ठरलंय," उपासना म्हणाली आणि तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. डार्लीननं फोटो पाहिला, ओठ आवळले आणि दुकानाचं दार उघडलं.

काउंटरमागे लाल दाढीचा एक तरुण होता. "काय हवंय मॅम? घराच्या रक्षणासाठी? की पर्समध्ये ठेवायला?" असं विचारत त्यानं तिच्या उत्तराची वाट न बघता काचेखालून एक पिस्तूल काढलं. ते गुलाबी होतं. अगदी वाढदिवसाच्या केकवरच्या गुलाबासारखं गुलाबी.

"मला कुणाला मारायचं नाहीये," उपासना म्हणाली. दर रविवारी घरातल्या वंदनेत ती पंचशील म्हणायची आणि जीवहत्या न करण्याचं पहिलं शील म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. पुढेही अडखळायला नको होती. "मला ताटल्या वाजवायच्यात. लोखंडी. पाच."

दाढीवाल्याचा चेहराच बदलला. "ओह, स्टील!" तो म्हणाला आणि त्यानं गुलाबी वस्तू परत आत ठेवली. "मग विकत घेऊ नका. आधी भाड्यानं घ्या. मागं रेंज आहे, आत जा आणि चारपाच चालवून बघा."

आत जाण्याआधी डार्लीननं तिला भिंतीजवळ थांबवलं. "नियम सांग."

"प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं. नळी फक्त समोर. नेम धरून होईपर्यंत बोट चापावर नाही. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, ते माहीत हवं." अडीच वर्षं तिनं हे नियम मॅचच्या आधी इतरांना वाचून दाखवले होते. आता पहिल्यांदाच ते तिच्या स्वतःच्या हातांसाठी होते. शाळेच्या गॅदरिंगला पडदा उघडण्याआधी वाटायचं, तसं तिला वाटलं.

शीटमध्ये हिरवं केलेलं ते काळंभोर पिस्तूल समोर आलं. हातात घेतल्यावर ते तिला खेळण्याएवढं हलकं वाटलं. वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढायला मात्र तिला तीन वेळा जोर लावावा लागला. डार्लीननं ते छातीजवळ धरायला लावलं, एका हातानं ढकल आणि दुसऱ्यानं ओढ असं दाखवलं, तेव्हा कुठं ती सरकली. उपासनानं दहा पावलांवरच्या कागदावर नेम धरला आणि हळूच चाप ओढला.

धाड!

पिस्तूल हातातल्या हातात उसळलं, अंगठ्याच्या बेचक्यात चावलं. कागदावर काही नव्हतं. तिनं पुन्हा ओढला. पुन्हा धाड. पाच गोळ्यांत कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक पडलं, आणि ते कुठल्या गोळीचं हे देवाला ठाऊक.

"हलकं पिस्तूल जास्त उसळतं," डार्लीन म्हणाली. "जेवढं छोटं, तेवढं द्वाड. दुकानात ते नवख्या बायकांना हेच देतात, का ते मला अजून कळलेलं नाही."

सतरा रकाने! उपासनाला स्वतःचा राग आला. वजनाच्या रकान्यात जेवढा आकडा कमी तेवढे तिनं गुण जास्त दिले होते. तो रकाना सरळ उलटा हवा होता.

मग एक मोठं, पोलादी, जड पिस्तूल झालं. ते उसळत कमी होतं, पण मूठ इतकी जाड की बोटाचं टोक चापाला जेमतेम पुरायचं. मग काकांच्या आग्रहाखातर रिव्हॉल्वर. त्याचा चाप इतका जड की ओढता ओढता नळी डुलायला लागली आणि गोळी छताच्या दिशेनं जाते की काय असं वाटून तिनं ते खाली ठेवलं. काका काचेपलीकडून खुणा करत होते: घट्ट धर, घट्ट!

डार्लीननं पहिलं पिस्तूल पुन्हा मागवलं. या वेळी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा कप्पा, तिनं स्वतः भरलं आणि त्यात काय आहे ते सांगितलं नाही. उपासनानं दोन गोळ्या झाडल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला, तर नुसतं टिक्. गोळी सुटलीच नाही, पण पिस्तुलाचं नाक मात्र झपकन खाली गेलं होतं. तिच्याच मनगटानं, तिच्याच नकळत.

"त्यात खोटं काडतूस होतं," डार्लीन म्हणाली. "दिसलं? आवाज व्हायच्या आधीच तू दचकतेस. नेम चुकत नाहीये तुझा. तू दचकतेस."

उपासनाचे डोळे भरून आले. अडीच वर्षं ज्यांचे आकडे लिहिले, त्यांच्यात उभं राहण्याची आपली लायकीच नाही असं तिला वाटलं. ती मागच्या बाकावर जाऊन बसली. काका आत आले, त्यांनी टोपी काढली आणि शेजारी बसले.

"तुला सांगू का," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या रिव्हॉल्वरमधून मी वीस वर्षांत किती गोळ्या झाडल्या असतील? अठरा. मलाही दचकायला होतं. म्हणून ते कपाटात असतं. कुणाला सांगू नकोस."

उपासना रडता रडता हसली.

तेवढ्यात डार्लीन काउंटरवरून चौथं पिस्तूल घेऊन आली. लांब नळी, मूठ पातळ. "ट्वेंटी-टू," ती म्हणाली. "सगळ्यांत बारीक गोळी."

"पण हे तर पोरांचं असतं!" उपासना म्हणाली. क्लबमध्ये बारा वर्षांची मुलं ट्वेंटी-टूनं खेळायची. तिनं स्वतः त्यांचे स्कोअर लिहिले होते. "मला तुझ्यासारखं खेळायचंय, नऊ मिलिमीटरनं."

"तू चालव तर खरं. भांडण नंतर."

ती उभी राहिली. श्वास घेतला, अर्धा सोडला. नळीच्या टोकावरचा काटा स्वच्छ, मागची खाच धूसर, चाप हळू. पट्. एवढंच. पिस्तुलानं नुसती मान हलवल्यासारखं केलं. कागदावर काळ्या वर्तुळाच्या कडेला एक बारीक भोक पडलं होतं. पट्. त्याच्या शेजारी दुसरं. पट्. पट्. मॅगझिन संपलं तेव्हा दहा भोकं एका बशीत मावतील एवढ्यात होती. तिनं पिस्तूल खाली ठेवलं आणि ती मागं वळली.

"अजून गोळ्या आहेत का?" ती म्हणाली.

डब्यात पन्नास होत्या. त्या संपल्या. मग आणखी पन्नास. थोड्या वेळापूर्वी रडणारी बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा इतकी ती मजेत होती. काका काचेवर टकटक करून अंगठा दाखवत होते. दुसरा डबा संपत आला तेव्हा भोकं बशीतून वाटीत आली होती.

"मी अजून माझं ट्वेंटी-टू विकलेलं नाही," डार्लीन म्हणाली. "चौदा वर्षं झाली. मनगट बिघडलं की महिनाभर त्याच्याकडेच जाते. हे काही पोरांचं नसतं. पण तुला नऊ मिलिमीटरच हवं असेल तर तेही घेऊ, मी शिकवीन. ठरव तूच."

उपासना काउंटरवर आली. खरी निवड आता सुरू झाली, आणि या वेळी मोबाइल पर्समध्येच राहिला. दाढीवाल्यानं ट्वेंटी-टूची तीन पिस्तुलं हिरव्या कापडावर मांडली. पहिलं कोरं करकरीत, निळसर. मूठ चांगली होती, पण तिचा अंगठा सुरक्षेच्या खटक्यापर्यंत पोचत नव्हता. दुसरं अगदी हलकं, दिसायला देखणं, पण हलक्यावरचा तिचा विश्वास आज सकाळीच उडाला होता. तिसरं वापरलेलं होतं. जाड नळी, करडा रंग, डाव्या बाजूला बोटभर लांब ओरखडा, आणि मूठ अक्रोडाच्या लाकडाची, कुणाच्या तरी हातानं घासून घासून गुळगुळीत झालेली. मागे ओढायला दोन छोटे कान होते. तिनं चिमटीत धरून ते ओढले, आणि ते पहिल्या प्रयत्नात सरकले.

तिनं दाढीवाल्याला विचारून ते रिकामं असल्याची पुन्हा खात्री केली, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोखलं आणि डोळे मिटले. मग उघडले. काटा बरोब्बर ठिपक्यावर होता. पुन्हा मिटले, उघडले. पुन्हा तिथंच. जणू तिच्या हातालाच हे आधीपासून माहीत होतं.

"हे," ती म्हणाली.

"नवीन नको?" काका म्हणाले. "ओरखडा आहे बघ."

"काका, हेच."

फॉर्म आला. फॉर्म भरण्यात उपासनाचा हात कुणी धरला नसता. अकरा वर्षांत तिनं इतके भरले होते. पण नागरिकत्वाच्या रकान्यात जिथं आजवर 'व्हिसा' लिहायची, तिथं तिनं कायम रहिवासी असल्याची खूण केली आणि पेन जरा जास्तच जोरात दाबलं. दाढीवाल्यानं सरकारी तपासणीसाठी माहिती पाठवली. लोकांना पाच मिनिटांत उत्तर येतं. तिच्या वेळी पडद्यावर शब्द आला: थांबा.

"घाबरू नका," तो म्हणाला. "नवीन कार्डवाल्यांचं होतं असं. कधी तासात येतं, कधी दोनतीन दिवसांत."

ते पिस्तूल तिच्या नावाची चिठ्ठी लावून आतल्या खोलीत गेलं आणि उपासना रिकाम्या हातानं घरी आली. अकरा वर्षं तिनं निमूट काढली होती, पण हे चार दिवस तिला काढवेनात. रविवारी पोळ्या करपल्या. केयानं, तिच्या आठ वर्षांच्या मुलीनं, विचारलं, "मॉम, इज इट लाऊड?" उपासना म्हणाली, "छोट्या फटाक्याएवढं. पण कानांवर मफ लावायचे. आणि हे बघ, त्या तिजोरीला..." "आय नो," केया म्हणाली, "बाबानं सांगितलंय. फाइव्ह टाइम्स."

त्याच रात्री, म्हणजे भंडाऱ्याला सकाळ असताना, आईचा फोन आला. गिरजाबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या होत्या आणि लेकीच्या आवाजावरून तिच्या मनातलं ओळखायच्या.

"काय लपवून राहिली तू?"

"आई, मी पिस्तूल घेतलंय. म्हणजे घेतेय."

"काऊन वं? पोलिसात लागली का?"

"नाही गं. खेळ आहे. लोखंडी ताटल्यांवर नेम धरायचा."

"जीवजंतू मारत नाही ना?"

"नाही."

"मंग ठीक हाय. नंबर येते का त्यात?"

"येतो. माझा शेवटून येईल."

"येऊ दे. आन प्रितमले काय वाटते?"

"भीती वाटते त्याला."

"वाटलीच पाहिजे," गिरजाबाई म्हणाल्या. "घरात एकाले तरी भीती वाटलीच पाहिजे. तो चांगला हाय."

बुधवारी दुपारी दुकानाचा फोन आला, तेव्हा उपासना कारखान्यात पांढऱ्या सूटच्या आत होती आणि फोन लॉकरमध्ये होता. संध्याकाळी तिनं निरोप ऐकला: मंजूर. तिनं पार्किंगमध्ये उभं राहून एकदा जागच्या जागी उडी मारली आणि थेट दुकानात गेली. घरी आल्यावर प्रितमनं पिस्तूल बघितलं, हात लावला नाही. तिनं ते तिजोरीत ठेवलं, गोळ्यांचा डबा गॅरेजमधल्या दुसऱ्या कुलपात ठेवला, आणि त्यानं दोन्ही कुलपं ओढून पाहिली. गुरुवारी संध्याकाळी तिनं डार्लीनबरोबर रेंजवर तीनशे गोळ्या झाडल्या.

शनिवारी सकाळी साडेसातला वाळवंटात थंडी होती. उपासनानं ट्वेंटी-टूच्या नवशिक्या गटात नाव दिलं होतं. प्रितम आणि केया प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोऱ्यांच्या मागे, कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मे लावून, घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. काकांनी स्वतःची खुर्ची आणली होती, आणि सगळ्यांना पुरेल एवढा चहाही.

ताटल्यांची मांडणी चार ठिकाणी होती; पहिल्या जागेवर तिचं नाव पुकारलं. प्रत्येकाला पाच फेऱ्या. सगळ्यांत वाईट फेरी सोडून द्यायची, बाकीच्या चारांची बेरीज. टायमर डार्लीनच्या हातात होता. नवशिक्यांना पिस्तूल कमरेवरून काढायचं नसतं. नळी जमिनीवरच्या केशरी खुणेकडे रोखून उभं राहायचं. ती उभी राहिली.

"तयार?"

बीप!

पहिली ताटली हुकली. दुसरी हुकली. तिसरी वाजली, पण तोवर तिला पहिलीकडे परत जावं की पुढे जावं हेच कळेना, आणि घाईत तिनं लाल खांबावरची वाजवून टाकली. फेरी संपली. दंडासकट एकोणीस सेकंद. दोऱ्यांमागून केयाचा आवाज आला, "इट्स ओके, मॉम!" आणि सगळे हसले. उपासनाही हसली, आणि हसल्यामुळे तिचे खांदे सैल झाले.

दुसऱ्या फेरीत एकच हुकली. तिसऱ्या फेरीत तिसऱ्या ताटलीवर चाप ओढला आणि नुसतं टिक् झालं. बारीक काडतुसांत कधीकधी एखादं फुसकं निघतं. आठवड्यापूर्वीची उपासना गोंधळली असती. तिनं नळी समोरच ठेवली, बोट चापावरून काढलं, गोळी उशिरा सुटू शकते म्हणून मनात मोजत थांबली, पिस्तुलाचे कान ओढून फुसकं काडतूस बाहेर काढलं आणि उरलेल्या तीन ताटल्या वाजवल्या. वेळ वाईट आला. पण डार्लीन टायमर खाली करत म्हणाली, "हे मी दहा वर्षं खेळणाऱ्यांनाही इतकं शांतपणे करताना पाहिलेलं नाही."

आणि या वेळी पिस्तुलाचं नाक खाली गेलं नव्हतं. त्या टिक्‌च्या क्षणी पिस्तूल जिथल्या तिथं, ताटलीवर स्थिर होतं. हे फक्त तिला आणि डार्लीनला कळलं.

चौथी फेरी. बीप. ठण्. तिला दुसरी ताटली आधीच दिसत होती. ठण्. ठण्. मोठी परात, ठण्. मग लाल खांब. घाई करायची नाही, ती स्वतःशी म्हणाली, काटा, काटा, आणि... ठण्!

"सहा पॉइंट चार एक," डार्लीननं ओरडून सांगितलं. "सगळ्या लागल्या!"

प्रितम उठून उभा राहिला होता. त्याचा चहा वाळूत सांडला होता आणि त्याला पत्ता नव्हता. काका टाळ्या वाजवत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते की मुलीला पिस्तूल निवडायला त्यांनीच मदत केली. उपासनानं मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं, ते पिशवीत ठेवलं आणि मगच दोन्ही हात वर केले.

चार जागा, वीस फेऱ्या. दुपारी निकाल लागला. छत्तीस जणांत ती तेहतिसावी आली. तिच्या खाली दोन नऊ वर्षांची मुलं आणि एक गृहस्थ होते, ज्यांचं पिस्तूल दुसऱ्याच जागेवर बिघडलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून मात्र ती पहिली आल्यासारखं वाटत होतं.

सगळ्या बंदुका पेटीत बंद झाल्या, रेंज मोकळी असल्याची घोषणा झाली. क्लबच्या नियमाप्रमाणे नवीन खेळाडूनं ताटल्यांना रंग द्यायचा असतो. डार्लीननं पांढऱ्या रंगाचे दोन स्प्रे आणून दिले. उपासनानं एक केयाला दिला. दोघी बांधाकडे चालत गेल्या. जवळून बघितल्यावर ताटल्यांवर करड्या ठिपक्यांचं जाळं पसरलेलं होतं.

"विच वन्स आर युअर्स?" केयानं विचारलं.

"हे खालच्या काठावरचे बहुतेक," उपासना म्हणाली. "आणि हा. हा मधला नक्की माझा."

"डोन्ट पेंट दॅट वन."

"पेंट करायचाच," उपासना म्हणाली. "नाहीतर पुढच्या शनिवारी नवीन ठिपका कसा दिसेल?"

केयानं स्प्रे जरा जास्तच जवळ धरला. रंग ओघळला, तिच्या बुटांवर आला, उपासनाच्या जीन्सवर आला. दोघी हसत पुढच्या ताटलीकडे वळल्या. दोऱ्यांमागून प्रितम विचारत होता की जेवायला कुठं जायचं, आणि पुढच्या मॅचला किती वाजता निघावं लागेल.